गिनीच्या मोलाची गोळी आणि पोटाची पुडी

दिवाळी सरली की वडवणी तालुक्यातील वस्त्या आणि तांडे हळूहळू रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडीकुंडी, पीठ-मीठ आणि कच्चीबच्ची घेऊन ट्रॅक्टरवर चढतात आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर काढतात. या दिवसांत वडवणीच्या बाजारपेठेत एखाद्या किराणा दुकानासमोर अर्धा तास उभे राहावे. तेल, तिखट, चहापत्ती, काडेपेट्या असा माल बांधून झाला, की दुकानदाराच्या डोक्यावर लोंबणाऱ्या माळेतून पोटाच्या पुड्या तोडून घेतल्या जातात. पाच नव्हे, दहा-पंधरा. पुडी पाण्यात टाकायची, फसफसली की घटाघटा प्यायची, ढेकर आला की पुन्हा कोयता हाती घ्यायचा. हे औषध म्हणून घेतले जात नाही, तर शिदोरीचाच एक भाग म्हणून घेतले जाते.

या माळेतील सर्वात प्रसिद्ध पुडीची जन्मकथा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल बंदरात जेम्स क्रॉसली ईनो नावाचा एक औषधविक्रेता होता. १८५० च्या दशकात तो खाण्याचा सोडा आणि आंबट क्षार यांचे मिश्रण खलाशांना देऊ लागला. पुढे तेच मिश्रण ‘फ्रूट सॉल्ट’ या नावाने, पोटापासून रक्तशुद्धीपर्यंत सर्व काही सांभाळणारे म्हणून, राणी व्हिक्टोरियाच्या साम्राज्यभर विकले गेले. १९३८ साली हा व्यवसाय बीचम या दुसऱ्या गोळीविक्या कंपनीने घेतला. विलीनीकरणांच्या साखळीतून आज तो हेलिऑन या विलायती कंपनीकडे आहे. म्हणजे घराणे तेच राहिले, फक्त पाटी बदलत गेली.

आता पुडी उलटी करून बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचा. स्वर्जिक्षार. निंबुकाम्लम्. साध्या मराठीत साजीखार आणि लिंबाचे आम्ल, म्हणजे इंग्रजी रसायनशास्त्रातील सोडियम बायकार्बोनेट आणि सायट्रिक ॲसिड. न्यूकॅसलच्या दुकानात जन्मलेले हे लवण भारतात आयुर्वेदिक औषध म्हणून विकले जाते! ज्या कायद्याच्या चौकटीत हे बसते त्याला आमच्या विधिमंडळांनी दिलेले नाव आहे ‘पेटंट ऑर प्रोप्रायटरी मेडिसिन’. चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटलीवर व्हिक्टोरियाच्या बाजारातला शब्द शिक्क्यासारखा बसलेला आहे, आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही.

त्या शब्दाचा इतिहास मुळातून पाहिला पाहिजे. ‘पेटंट’ म्हणजे नवा शोध लावणाऱ्याला काही वर्षांपुरता मिळणारा अधिकार. त्यासाठी एक अट असते, ती म्हणजे कृती जगापुढे उघडी करण्याची. व्हिक्टोरियाकालीन ‘पेटंट औषध’ विकणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही असे पेटंट घेत नसे, कारण त्यांना कृती उघडी करायचीच नव्हती. त्यांचा सारा धंदा झाकल्या मुठीवर उभा होता. नोंदवायचे ते नाव, वेष्टन आणि सही. आतली वस्तू कुलूपबंद. त्यावर १७८३ पासून इंग्लंडच्या सरकारने अशा बाटल्यांवर तिकीट-कर बसवला होता. एक शिलिंगाच्या डबीवर दीड पेनी. सरकारला उत्पन्न मिळाले आणि विक्रेत्याला त्याहून मोठे काही मिळाले, कारण डबीवर सरकारी तिकीट चिकटलेले पाहून भोळा गिऱ्हाईक समजू लागला की या औषधाला राणीसरकारची मान्यता आहे.

पोट हा या धंद्याचा कणा होता, आणि त्याला कारण होते. खेड्यातून उठून कारखान्यांच्या शहरात आलेला इंग्रज मजूर चहा आणि पांढऱ्या पावावर बारा-बारा तास राबत होता. बद्धकोष्ठ, आंबट ढेकर, डोकेदुखी हे त्याचे नित्याचे सोबती. त्याला डॉक्टर परवडत नसे, सुट्टी तर त्याहून नाही. अशा माणसाला थॉमस बीचम नावाच्या, लहानपणी मेंढ्या राखलेल्या एका चतुर माणसाने १८४० च्या दशकापासून गोळ्या विकल्या. एका डबीचे मोल एक गिनी, ही त्याची जाहिरात १८५९ पासून भिंतीभिंतींवर झळकली. डबी मिळे एक शिलिंग दीड पेनीला. म्हणजे गिनीची वस्तू आपल्याला जवळपास फुकटच मिळते आहे, असे वाटावे!

त्या डबीत काय होते, ते १९०९ साली बाहेर आले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ या नावाचे पुस्तकच काढले आणि बाजारातील गुप्त औषधांचे पृथक्करण करून घटक आणि खर्च शेजारीशेजारी छापले. बीचमच्या गोळीत काळाबोळ, सुंठेची पूड आणि साबण. छप्पन गोळ्यांच्या घटकांचा खर्च सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा भाग. वाचकांनी गणित करून पाहावे. विक्रीची किंमत घटकांच्या खर्चाच्या शंभरपटीहून अधिक भरते. काळाबोळ रेचक आहे, सुंठ वातहर आहे, हे आमच्या कोणत्याही आजीबाईने सांगितले असते. साबणाविषयी मात्र तिने काय म्हटले असते, ते येथे न लिहिलेले बरे.

हे पुस्तक इंग्रज डॉक्टरांनीच काढले, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ज्या समाजात असे पुस्तक निघते त्या समाजाविषयी आदरच वाटतो. पण त्याच समाजातील अनेक वृत्तपत्रांनी त्या पुस्तकाची जाहिरात छापायला नकार दिला, हेही तितकेच खरे. पाने चालत होती ती गोळ्यांच्या जाहिरातींवर. पुढे संसदेची समिती बसली, दोन वर्षे साक्षी झाल्या आणि अहवाल आला तो ४ ऑगस्ट १९१४ रोजी, इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याच दिवशी. अहवाल कपाटात गेला. औषधाचे घटक डबीवर छापलेच पाहिजेत हा नियम इंग्लंडमध्ये यायला १९४१ साल उजाडले.

रेचक गोळीने पोट बिघडते, फार तर सवय लागते. बाळांच्या बाबतीत जे चालले होते ते मात्र वाचवत नाही. ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे एक गोड सरबत पोटदुखीने रडणाऱ्या तान्ह्या मुलांना पाजले जाई. त्यात अफू असे. नॉटिंगहॅम, मँचेस्टर यांसारख्या गिरण्यांच्या आणि लेसविणकामाच्या शहरांतील स्त्रिया कामावर जाताना मुलांना ते देत, कारण मूल झोपले तरच मजुरी पदरात पडे. कित्येक मुले उठलीच नाहीत. १८६८ साली इंग्लंडने विषारी द्रव्यांच्या विक्रीवर बंधने घालणारा कायदा केला, पण त्यातून ‘पेटंट औषधे’ वगळली! ज्या बाटलीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही, तिलाच सूट.

मोठ्यांसाठी ‘क्लोरोडाइन’ होते. जॉन कॉलिस ब्राउन हा सैन्यातील इंग्रज डॉक्टर १८४८ च्या सुमारास भारतात असताना त्याने ते पटकी आणि अतिसारावर बनवले. त्यात मॉर्फिन, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क. अतिसार तात्पुरता थांबे, हे खरे, कारण अफूने आतडे मंदावतेच. पण त्याबरोबर व्यसनही जडे. मॉर्फिन निघते अफूतून, आणि अफू हा त्या काळी कंपनी सरकारचा बिहारातला मक्ता होता. माळव्याची अफू मुंबईच्या गोदीतून चीनकडे जात होती. भांगेचा औषधी उपयोग इंग्रज डॉक्टरांना कळला तोही कलकत्त्यात, भारतीय वैद्यांचा आणि हकिमांचा व्यवहार पाहून. म्हणजे द्रव्य येथले, अनुभव येथला, रोगी येथले. बाटलीवर नाव तेवढे साहेबाचे! क्लोरोडाइनच्या बाटलीवर ‘विष’ असा शब्द छापायला लावण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेही १८९२ साली.

आपल्याकडे एक ठरावीक मांडणी आजही पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून कानी पडते. इंग्रज येण्यापूर्वी येथे मंत्र, गंडे आणि अडाणी झाडपाला होता. इंग्रजांनी विज्ञाननिष्ठ औषध आणले. मांडणी करणाऱ्यांची बुद्धी आम्ही कमी लेखत नाही, पण त्यांनी एकदा तरी तो काळ त्याच्या बाजारपेठेतून पाहावा. पाश्चर आणि कॉख यांचे विज्ञान थोर आहे, जॉन स्नोने १८५४ साली लंडनमधील पटकी एका पंपाच्या पाण्यापर्यंत नेऊन भिडवली हेही थोर आहे. पण सामान्य इंग्रजाच्या फडताळात ते विज्ञान नव्हते, तेथे होती बीचमची डबी. आणि जहाजातून वसाहतींकडे निघणाऱ्या मालात ती डबी पाश्चरच्या कित्येक कोस पुढे होती.

ग्राइप वॉटरचेच घ्या. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये ते बाजारात आणले. सोडा, साखर, सुमारे साडेतीन टक्के मद्यार्क आणि शेपेचे तेल. तान्ह्या बाळाला दारू! ब्रिटनमध्ये तो मद्यार्क काढला गेला १९९० च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे १४० वर्षांनी. पण मौज पुढेच आहे. ज्या शेपेच्या तेलावर हे पाणी जगभर गाजले, ती शेप म्हणजे आमची बाळंतशेप. मराठी मुलखात बाळंतिणीच्या खोलीत ओवा, बडीशेप, बाळंतशेप नाही असे घर नव्हते. नावातच बाळंतपण आहे. सहाणेवर हिरडा, वेखंड, सुंठ, मुरडशेंग यांचे मोजके वेढे उगाळून गुटी होत असे. मुरडशेंग तर नाव, आकार आणि उपयोग तिन्ही एकत्र सांगणारी शेंग, पिळवटलेली आणि मुरड्यावर देण्याची. बालाघाटाच्या डोंगरात राहणाऱ्यांना ती विकत घ्यावी लागत नसे. तरीही दोन-तीन पिढ्यांत सहाण माळ्यावर गेली आणि बाटली फडताळात आली, कारण बाटली हे शिकलेल्या घराचे लक्षण ठरले.

आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, की पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काहीही देऊ नये. ना बाटली, ना गुटी. ते ऐकले पाहिजे. परंपरेचा अभिमान बाळाच्या आतड्यावर सिद्ध करायचा नसतो. आमचा मुद्दा गुटी द्यावी हा नाही. गुटीत काय आहे हे त्या आजीला ठाऊक होते, वेढे किती ते ठाऊक होते आणि कोणी विचारले तर ती सांगत असे, एवढाच आमचा मुद्दा आहे.

पोटाच्या औषधांत हिंग्वाष्टक चूर्ण घ्या. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे, हिंग. आठ द्रव्ये वाग्भटाने अष्टांगहृदयात गुल्माच्या चिकित्सेत सांगून ठेवली आणि तुपाबरोबर जेवणाच्या पहिल्या घासाला घ्यावे हेही सांगितले. ज्याला संस्कृत येत होते त्याला ते हजार वर्षांहून अधिक काळ उघडे होते. ज्याला येत नव्हते त्याच्यासाठी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शंकर दाजीशास्त्री पदे उभे राहिले. ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथातून त्यांनी वनस्पती, गुण आणि कृती देशी भाषेत आणल्या. १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलन भरवले आणि १९०९ साली, अवघ्या बेचाळिशीत, ते गेले. त्याच १९०९ साली लंडनमध्ये ‘सीक्रेट रेमेडीज’ निघाले. एकीकडे डॉक्टरांना प्रयोगशाळेत पृथक्करण करून गुपिते फोडावी लागत होती आणि दुसरीकडे एक मराठी माणूस आयुष्यभर आपल्या शास्त्राच्या कृती छापून वाटत होता. पदेशास्त्रींचे नाव आज आपल्या किती शाखांत, किती शाळांत घेतले जाते?

आमच्याकडेही गुप्तता होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. बापाने मुलालाच द्यायची मात्रा, मरताना कानात सांगायचे मूळ, हे प्रकार आम्ही पाहिले आहेत आणि त्यांपायी कितीतरी चांगली औषधे चितेवर गेली. पण ती आमच्या शास्त्राची रीत नव्हती, ती शास्त्रावर चढलेली बुरशी होती. व्हिक्टोरियाच्या बाजारात मात्र गुप्तता हेच भांडवल होते.

आता आपल्या घरात येऊ. १९०५ च्या स्वदेशी चळवळीने जागे केलेल्या समाजाने देशी औषधांचे कारखाने वाढवले. त्याच्याही आधी, १८७२ मध्ये, पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वरची स्थापना केली होती आणि ग्रंथोक्त औषधे त्याच नावांनी बाजारात आणण्याची वाट घातली होती. तो मार्ग सरळ होता. बाटलीवर ‘द्राक्षासव’ लिहिलेले असेल तर ग्रंथ उघडावा आणि ताडून पाहावे. पण कायद्यात १९६४ साली आयुर्वेदाचे प्रकरण जोडले गेले आणि पुढे ग्रंथोक्त औषधांच्या शेजारी ‘पेटंट ऑर प्रोप्रायटरी’ ही दुसरी वाट उघडली गेली. द्रव्ये ग्रंथातली असली म्हणजे झाले. मिश्रण आपले, नाव आपले, दावा आपला. या वाटेने काही उपयुक्त औषधे आली, हे खरे. पण त्याच वाटेने बीचम आणि हॉलोवे यांचे सगळे मानसपुत्रही आले. आता त्यांच्या कपाळी कुंकू होते, बाटलीवर ऋषीचे चित्र होते आणि ओठांवर ‘स्वदेशी’ होते.

थॉमस हॉलोवे कोण, हे सांगायला हवे. गोळ्या आणि मलम विकून तो इंग्लंडातील श्रीमंतांत जाऊन बसला, आणि त्या पैशातून उभारलेल्या स्त्रियांच्या महाविद्यालयाचे उद्घाटन १८८६ साली खुद्द राणीने केले. त्याचे सामर्थ्य औषधात नव्हते, जाहिरातीत होते. आज आपले प्रातःकाळचे दूरदर्शन लावा. एकच चूर्ण गॅसवर, सांधेदुखीवर, साखरेवर, रक्तदाबावर आणि केस गळण्यावर चालते! मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, मूतखडा अशा रोगांवर इलाजाच्या जाहिराती करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ती पाळायची कोणी? २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात देशातील एका बड्या स्वदेशी औषध कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल वृत्तपत्रांतून जाहीर माफीनामे छापावे लागले. त्या दिवशी आमच्यातील काहींनी न्यायालयावर तोंडसुख घेतले. हिंदुविरोधी कट, बहुराष्ट्रीय कंपन्यांचे हस्तक, वगैरे. आम्हाला तसे वाटत नाही. आयुर्वेदाची मान त्या न्यायालयात खाली गेली नाही, ती त्या जाहिराती छापल्या तेव्हाच गेली होती. परक्याने लुबाडले तर तो साम्राज्यवाद आणि आपल्याने लुबाडले तर ती राष्ट्रसेवा, हा हिशेब कोणत्या स्वदेशीत बसतो?

आणि हे फार दूरचे नाही. आपल्याच उत्सवांतील स्टॉलवर, सहलींत, बैठकीनंतरच्या चहाच्या वेळी ‘अमक्या साधकाचे चूर्ण’ म्हणून बिनलेबलाच्या पिशव्या विकल्या जातात. घेणारा विचारत नाही, देणारा सांगत नाही. विचारले तर श्रद्धेवर शंका घेतल्यासारखे होते. चूर्णात सनाय किती आहे? रोज घेतली तर आतड्याची सवय मोडेल का? फसफसणाऱ्या पुडीत सोडियम भरपूर असते, ते रक्तदाबाच्या रुग्णाने रोज प्यायचे का? हे प्रश्न बीचमला विचारायचे आणि आपल्या माणसाला नाही, असे होऊ शकत नाही.

वडवणीवरून जाणारा रस्ता परळीला जातो. तेथील ज्योतिर्लिंगाचे नाव वैद्यनाथ, आणि समुद्रमंथनातून आलेले अमृत व धन्वंतरी त्या लिंगात लपवून ठेवले होते, अशी कथा या भागात घरोघर सांगतात. त्या दर्शनाला जाणारी माणसेच ऊस तोडायला जातात. पहाटे तीनला उठून मोळ्या बांधणाऱ्या, दुपारी दोनला कोरडी भाकर आणि चटणी खाणाऱ्या, फडाशेजारच्या मिळेल त्या पाण्यावर भागवणाऱ्या माणसाच्या पोटात आग पडते ती पुडीच्या अभावी नाही. आजारी पडून काम चुकले तर खाडा लागतो, त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. म्हणून तो दुखणे दाबतो, आणि पुडी दाबण्याचे साधन होते. मँचेस्टरच्या मजुराचीही हीच गोष्ट होती. मूळ दुखणे असते वेळेचे, अन्नाचे, पाण्याचे, आणि विकली जाते ढेकराची सोय. महिनोन्‌महिने छातीत जळजळ, काळी शौचाला होणे, वजन उतरणे अशी लक्षणे असलेल्या माणसाला आणखी एक पुडी देणे हा गुन्हा आहे, ती पुडी विलायती असो की ऋषीच्या चित्राची. त्याला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले पाहिजे, आणि तेही फड संपेपर्यंत थांबून नव्हे.

म्हणून वडवणी, तेलगाव, धारूर या भागातील कार्यकर्त्यांपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवतो. हंगामाला टोळ्या निघण्यापूर्वी तांड्यांवर आणि वस्त्यांवर एक वैद्य आणि एक डॉक्टर मिळून जावेत. उकळलेले पाणी, भाकरीची वेळ, धोक्याची लक्षणे आणि अंबाजोगाईचा रस्ता एवढेच बोलावे, कोणाचीही बाटली विकू नये. आणि आपल्या स्टॉलवर, आपल्या ओळखीच्या दुकानात ज्या पिशवीवर घटक आणि त्यांची मात्रा मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिलेली नसेल ती ठेवू नये, मग ती कोणाही महाराजांची असो. हिंग्वाष्टक ठेवायचे तर पिशवीवर आठही नावे लिहा. ज्या बाईने ती पिशवी घेतली तिला पुढच्या वेळी ती द्रव्ये बाजारातून आणून घरी खलबत्त्यात कुटता आली पाहिजेत. दुकानदाराचे थोडे नुकसान होईल. होऊ द्या.